शाळेंत जाण्यापूर्वीं मुलाला काय यावें?



ज्या घरांत यंदा पांच-सहा वर्षांचें मूल आहे आणि मृग लागल्यावर त्याचें नांव पहिलीच्या पटावर चढावयाचें आहे, त्या घराकरितां हा पाठ लिहिला आहे. मंडळींतील जे शिकलेले आहेत त्यांनीं तो आधीं स्वतः वाचावा, आणि मग ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्या ओसरीवर बसून सावकाश वाचून दाखवावा. ऐकणारी आई निरक्षर असली तरी चिंता नाहीं. यांत सांगितलेलें बहुतेक काम तिच्याच हातचें आहे, असें पुढें दिसून येईल.

आपल्याकडे या बाबतींत दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी कीं, शिकविणें हें गुरुजींचें काम. घरानें मुलाला न्हाऊं घालून, नवा सदरा चढवून शाळेच्या दारापर्यंत पोंचविलें म्हणजे घर मोकळें झालें. दुसरी समजूत चार बुकें शिकलेल्या घरांत आढळते. तेथें बाप बाजारांतून पाटी आणतो, तीवर 'अ' काढून देतो, आणि मुलानें तो गिरविला नाहीं कीं त्याच्या पाठींत धपाटा घालतो. पूर्वींच्या गांवठी शाळांतून पंतोजी धूळपाटीवर बोटें फिरवावयास लावीत आणि छडी जवळ ठेवीत. त्या शाळा गेल्या, ते पंतोजी गेले, पण छडीचा तो श्रीगणेशा कांहीं घरांतून अजून गेलेला नाहीं. मला विचाराल तर दुसरी समजूत अधिक घातक. कांहीं न शिकतां गेलेलें मूल शाळेंत शिकूं लागतें. पाटीची धास्ती घेऊन गेलेल्या मुलाची ती धास्ती आधीं काढावी लागते, आणि भरलेल्या वर्गांत ती काढणार कोण?

वाशी किंवा कळंब तालुक्यांतील एका कोयत्याचें मूल डोळ्यांपुढें आणा. कोयता म्हणजे ऊस तोडणारें जोडपें, हें आपल्या भागांत सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेलीं हीं जोडपीं दसरा-दिवाळी आटोपली कीं ट्रॅक्टरांत संसार घालून कारखान्यांच्या वाटेला लागतात. शाळेंत नांव असलेलें मोठें मूल आजीपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत राहूं शकतें. चार वर्षांचें मूल मात्र बहुधा आईच्या पाठोपाठ फडांत जातें. गांवची अंगणवाडी त्याला चार-पांच महिने अंतरते. फडाच्या कडेला, मोळ्यांच्या आडोशाला, तान्ह्या भावाला सांभाळीत तें बसतें. आईबाप अंधार असतां कोपींतून निघतात आणि गाडी भरून झाल्यावर परततात. त्याच्याशीं बोलावयास मोकळें असें कोणी नसतें. पाडव्याच्या आगेमागें तें गांवीं येतें, आणि जूनच्या मध्यास शाळा उघडते. मध्यें सुमारें दहा आठवडे उरतात. या पाठांत जें सांगावयाचें आहे तें मुख्यत्वें या दहा आठवड्यांविषयीं आहे. ज्यांचें मूल वर्षभर गांवांतच असतें त्यांना अर्थात् अधिक अवसर आहे.

शाळा उघडते त्या दिवशीं या मुलाला काय काय करावें लागतें तें पहा. अनोळखी जागेंत आईवांचून कित्येक तास बसावयाचें. कोणी नांव विचारलें तर सांगावयाचें. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबावयाचें. तहान लागली, लघवीला लागली, तर तसें तोंडानें सांगावयाचें. खडू चिमटींत धरावयाचा. 'वर', 'खालीं', 'आधीं', 'नंतर', 'जास्त', 'कमी' या शब्दांबरोबर काय करावयाचें तें कळलें पाहिजे. यांत अक्षरओळख कोठेंच नाहीं. पहिल्या दिवशीं मागतां न आल्यामुळें ज्याची चड्डी भिजली आणि ज्याला सारा वर्ग हंसला, तें मूल दुसऱ्या दिवशीं मागच्या दारानें पळतें. आपण म्हणतों, याला शाळेची गोडी नाहीं. गोडी चाखावयास त्याला अवसर तरी कोठें मिळाला?

लहान मुलाला अक्षराच्या आधीं हात, कान आणि जीभ यांचें शिक्षण हवें, ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यांत दोन बायांनीं करून दाखविली. त्यांची हकीकत आपल्या लोकांस ठाऊक असावी. ताराबाई मोडक यांनीं प्रथम भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलें. गिजुभाई हे वकिली सोडून लहान मुलांच्या शाळेंत आलेले गृहस्थ. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार काढला. तेथवरचें काम शहरांतलें. साधनें मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीचीं, सुबक पण महाग. १९४५ सालीं ताराबाई त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या, आणि तेथें त्यांस अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचें लग्न बालपणींच झालें होतें आणि थोड्याच महिन्यांत त्यांस वैधव्य आलें होतें. पुढें शिकून त्या शिक्षिका झाल्या.

बोर्डीस पहिला धडा त्या दोघींनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गरिबांचीं मुलें तींत येईनात. कोणाला धाकटें भावंड सांभाळावयाचें असे, कोणाच्या अंगावर धड कपडा नसे. तेव्हां मुलें बालवाडींत येत नाहींत तर बालवाडीनेंच त्यांच्या अंगणांत जावें, असें ठरलें. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणांतून आलेला आहे. महाग साधनांची जागा शंखशिंपल्यांनीं, खड्यांनीं, बियांनीं, पानांनीं आणि मातीनें घेतली. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें गुरांमागें जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागें कुरणांत गेली. ताराबाई १९७३ सालीं आणि अनुताई १९९२ सालीं वारल्या. तो समुद्रकांठ आपल्या बालाघाटापासून फार दूर आहे. परंतु धाकट्या भावाला कडेवर घेतल्यामुळें शाळेपर्यंत न पोंचणारें मूल बोर्डीस होतें तसेंच तें आपल्या फडाच्या कडेलाही आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, आणि तिच्याबरोबर अंगणवाडी हें नांव देशभर पसरलें. मार्च २०२० पासून महामारीमुळें अंगणवाड्या दीर्घ काळ बंद राहिल्या. त्यानंतर पहिलींत येणारीं कित्येक मुलें अंगणवाडी न पाहतांच येणार हें ओळखून राज्य सरकारनें २०२२ सालीं 'पहिलें पाऊल' या नांवानें शाळापूर्व तयारीचे दोन मेळावे भरविले, एक एप्रिलांत आणि एक जूनमध्यें. शाळेच्या आवारांत सात मेजें मांडलीं जात. नांवनोंदणी झाल्यावर मूल उड्या मारी, वस्तु निवडून वेगळ्या करी, आपल्याविषयीं बोले, चित्र पाहून गोष्ट सांगे, मोजून दाखवी. आणि शेवटच्या मेजावर आईशीं बोलणें होई. दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत मातांचे गट करून घरीं करावयाचे खेळ त्यांस सांगितले जात. मला त्या सर्वांत शहाणपणाची वाटते ती हीच गोष्ट, कीं मधले आठवडे आईच्या हातीं दिले होते. मेळावा एका दिवसाचा; मूल घरांत रोज असतें.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. उमरगा तालुका कर्नाटकाला लागून आहे. तिकडच्या कांहीं घरांतून कानडी बोलतात. तांड्यांवर गोरमाटी बोलतात. पारध्यांची बोली निराळी. आणि ज्या घरांत मराठीच बोलतात तेथेंही ती पुस्तकांतली मराठी नव्हे. मूल घरीं 'माय' म्हणतें आणि पुस्तकांत 'आई' भेटते. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. मराठी घरांतून आलेल्या मुलाला भूगोल आणि गणितही परक्या भाषेंतून गिरवावें लागे. आपल्या वडीलधाऱ्यांनीं भोगलेलें तें दुःख आतां आपण तांड्यावरच्या मुलाला भोगावयास लावूं नये.

म्हणून आधीं हें सांगतों कीं गोष्ट, खेळ, बोलणें हें सर्व मुलाच्या घरच्या बोलींतच व्हावें. 'शाळेंत मराठी बोलावी लागेल, तर घरींही मोडकीतोडकी मराठीच बोला,' असा सल्ला कोणी दिल्यास तो मानूं नये. ज्याला एका भाषेंत लांब बोलतां येतें तो दुसरी भाषा उचलतो. ज्याला कोणत्याच भाषेंत चार वाक्यें जोडतां येत नाहींत त्याची दोन्हींकडे अडचण होते. मात्र शाळेंत नडणारे वीस-पंचवीस शब्द जोडीजोडीनें सांगून ठेवावे. कानडी घरांत पाण्याला 'नीरु' म्हणतात. तर पाण्याचा तांब्या हातीं देतांना आईनें 'नीरु' म्हणावें आणि लागलीच 'पाणी' म्हणावें. तांड्यावरच्या 'याडी'नें सांगावें कीं मला शाळेंत 'आई' म्हणतील. पाणी, भूक, लघवी, दुखतें, बस, ये, दे, पाटी, दप्तर, माझें, कळलें नाहीं; एवढे शब्द मुलाच्या तोंडीं बसले तर पहिला आठवडा निभावतो. 'कळलें नाहीं' हे दोन शब्द तर मराठी मुलांनाही शिकवावे लागतात.

आतां गोष्टीकडे वळूं, कारण या कामांतलें सर्वांत मोठें साधन तेंच आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. उदाहरणादाखल चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, आणि भिजलेला कावळा चिमणीचें दार ठोठावतो. चिमणी दर वेळीं कांहीं तरी काम सांगून त्याला बाहेर थांबविते. ही गोष्ट येत नाहीं अशी आजी आपल्या जिल्ह्यांत सहसा सांपडावयाची नाहीं. परंतु ती एकदां सांगून मुलाला निजविणें वेगळें, आणि तिच्या आधारानें मुलाला शाळेकरितां तयार करणें वेगळें. ती चार संध्याकाळीं कशी सांगावी तें लिहितों.

पहिल्या संध्याकाळीं गोष्ट सबंध सांगावी. हातवारे करून, पावसाचा आवाज काढून. मध्यें एकही प्रश्न विचारूं नये. मुलाला आधीं गोष्टीचा ओघ कळूं द्यावा.

दुसऱ्या संध्याकाळीं कावळ्याचें काम मुलाकडे द्यावें. त्यानें दाराच्या चौकटीवर टकटक करावी, आणि प्रत्येक टकटकीनंतर आजीनें थांबून विचारावें, आतां चिमणी काय सांगेल? चिमणीचीं कामें म्हणजे सकाळीं लेंकराचें जें जें करावें लागतें तींच: न्हाऊं घालणें, काजळ घालणें, अंगडें चढविणें, भरविणें. मूल हीं कामें घरांत रोज पाहतें, म्हणून त्याला तीं क्रमानें सांगतां येतात. त्यानें गोष्टींत नसलेलें एखादें काम सांगितलें, जसें चिमणी शेळीची धार काढीत आहे, तर 'असें नाहीं' म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. तें काम गोष्टींत घ्यावें. ज्या दारांत उस्मानाबादी शेळी बांधलेली आहे त्या दारची चिमणी धार काढणारच.

तिसऱ्या संध्याकाळीं आजीनें मुद्दाम चुकावें. 'एक होता कावळा, त्याचें घर होतें मेणाचें,' असें म्हणून निर्विकारपणें पुढें जावें. मूल उसळून उठतें. त्याला चूक सुधारूं द्यावी, आणि 'बरें झालें तूं सांगितलेंस' असें म्हणावें. हा खेळ क्षुल्लक वाटेल, पण त्यांत दोन गोष्टी साधतात. मूल शब्द न् शब्द ध्यान देऊन ऐकावयास शिकतें. आणि मोठ्या माणसापुढें 'असें नव्हे' म्हणण्याचा धीर त्याला येतो. पुढें वाचूं लागल्यावर आपण वाचलें त्याचा अर्थ लागत नाहीं हें ज्याचें त्याला कळावें लागतें. तें कळण्याची संवय येथून लागते.

चौथ्या संध्याकाळीं मूल सांगणार आणि आजी ऐकणार. त्याला अडखळूं नये म्हणून चार वस्तु ओळीनें मांडून द्याव्या: गोवरीचा तुकडा, मेणबत्तीचा तुकडा, पाण्याचा तांब्या, आणि दाराच्या जागीं एक लाकूड. ओळ डावीकडून उजवीकडे लावावी, कारण पुढें वाचतांना डोळा त्याच वाटेनें फिरावयाचा आहे. मूल एकेका वस्तूवर बोट ठेवून गोष्ट सांगेल. मध्यें विसरलें तर आजीनें पुढचा शब्द सांगूं नये; 'मग?' एवढेंच म्हणावें. 'मग?' या शब्दाइतका चांगला गुरु मीं दुसरा पाहिला नाहीं.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगूं नये. हा नियम आम्हां उपदेश करणाऱ्यांस सर्वांत जड जातो, हें मी जाणून आहें. तात्पर्याऐवजीं विचारावें, तूं चिमणी असतास तर दार उघडलें असतेंस काय? एक मूल म्हणेल, उघडलें असतें, तो भिजला होता. दुसरें म्हणेल, कावळा पिल्लें खातो, उघडूं नये. दोघांनाही 'कां?' एवढेंच विचारावें आणि ऐकत राहावें. 'कारण' हा शब्द मुलाच्या तोंडीं आला कीं त्या संध्याकाळचें काम झालें. कांहीं घरांतून या गोष्टीच्या शेवटीं कावळ्याला चटका बसतो. लहान मुलाला तो सांगावा कीं नाहीं हें ज्या त्या आजीनें ठरवावें.

याच रीतीनें म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगतां येते. लेकीकडे जातांना म्हातारीला जीं जनावरें भेटतात तींच परततांना भेटतात. तेव्हां आधीं कोण, नंतर कोण, हें मुलाच्या मनांत बसतें. चार संध्याकाळीं एक गोष्ट, म्हणजे दहा आठवड्यांत दहा-बारा गोष्टी सहज होतात. रोज नवी गोष्ट सांगण्याची हांव धरूं नये. तीच तीच गोष्ट ऐकून मोठ्यांस कंटाळा येतो, मुलांस येत नाहीं.

गोष्टींतून कानाचाही खेळ निघतो. कावळा, काका, काकडी, काडी हे शब्द एकामागून एक म्हणावे आणि मुलाला विचारावें, यांत सारखें काय ऐकूं येतें? मग 'पाटी' असा निराळाच शब्द मध्यें घालावा. मूल तो पकडतें कीं नाहीं पहावें. गोरमाटी किंवा कानडी घरांत त्या बोलींतले शब्द घ्यावे. या खेळांत अक्षर दाखवूं नये. ज्याच्या कानाला 'का' ओळखूं आला त्याला पुढें गुरुजींनीं फळ्यावर काढलेला 'का' लवकर उमगतो. ज्याच्या कानाला तो आलाच नाहीं त्याच्या दृष्टीनें फळ्यावर नुसत्या रेघा.

हातांच्या कामाविषयीं शेतकऱ्याच्या घरांत फार सांगणें नको. सुपांत मूठभर ज्वारी, तूर, हरभरा आणि उडीद एकत्र करून मुलापुढें ठेवावें, आणि दाणे वेगवेगळे करावयास सांगावें. दाणा चिमटींत धरतां धरतां बोटांना जें वळण लागतें त्याच वळणानें पुढें खडू धरावयाचा असतो. भाकरी थापतांना कणकेचा गोळा द्यावा. त्याची वेडीवांकडी भाकरी तव्यावर टाकावी आणि ती त्यानेंच खावी. अंगणांत आईनें ठिपके काढावे आणि मुलानें ते रांगोळीनें जोडावे. आपली काळी माती तर चिकट आणि फुकटची. पोळ्याला बैल करतात तसे बैल, चूल, उखळ, मनास येईल तें करूं द्यावें. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत सातवाहनांच्या काळच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ति ठेवलेल्या आहेत. त्या बाजूस गेलांत तर मुलाला अवश्य दाखवा. मातीशीं खेळणें हें रिकामटेकडेपणाचें लक्षण नव्हे, हें ती पाहून बापालाही पटेल. लंगडी, दोरीवरील उडी, शेताच्या बांधावरून तोल सांभाळीत चालणें हें मुलें आपण होऊन करतात. तें करतांना त्यांना हांक मारून घरांत बसवूं नये, एवढेंच आपलें काम.

मोजण्याबाबत मात्र एक चूक फार पसरलेली आहे. पाहुणे आले कीं बाप मुलाला उभें करतो, आणि तें शंभरापर्यंत अंक धडाधड म्हणून दाखवितें. सर्वांना कौतुक वाटतें. त्याच मुलापुढें चिंचोक्यांचा ढीग ठेवून 'मला सात दे' म्हणा. पुष्कळदां तें मूठभर उचलून देतें. त्याला अंकांचें गाणें येतें, मोजणें येत नाहीं. मोजणें म्हणजे एका चिंचोक्याला एकच अंक देणें, एकही न वगळणें, आणि शेवटचा अंक हीच सर्वांची संख्या असें समजणें. तेव्हां शंभराची घाई नको. दहांपर्यंत पक्कें करावें. जेवावयास किती माणसें आहेत तें मोजून तितक्या ताटल्या मुलानें मांडाव्या. संध्याकाळीं रानांतून परतलेल्या शेळ्या त्यानें मोजाव्या, आणि एखादी मागें राहिली कीं काय तें सांगावें. हें मोजणें खरें असल्यामुळें तें मन लावून करतें. पांच चिंचोके दाखवून दोन मुठींत लपवावे आणि विचारावें, मुठींत किती? पहिले कांहीं दिवस तें चुकेल. त्याला मूठ उघडून पाहूं द्यावी.

हें सर्व केव्हां करावें, असें आयाबाया विचारतील, आणि त्यांचें विचारणें रास्त आहे. परतल्यावरही त्यांस पाणी, सरपण आणि रोजगार आहेच. निराळा वेळ काढण्याची गरज नाहीं. दाणे निवडणें निवडण्याच्या वेळीं, मोजणें जेवणाच्या वेळीं, शब्दांचा खेळ विहिरीच्या वाटेवर, आणि गोष्ट निजण्यापूर्वीं. गोष्टीला पाव तास पुरे. बापानेंही आठवड्यांतून दोन गोष्टी सांगाव्या; बापाच्या तोंडून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला घरांतल्या मोठ्या आवाजाची भीति कमी वाटते. मंडळींतील उपदेशकांनीं आणि शिकलेल्या मुलींनीं आठवड्यांतून एकदां त्या गल्लींतील माता एकत्र बसवाव्या आणि कोणत्या मुलानें काय सांगितलें तें एकमेकींस सांगूं द्यावें. अंगणवाडीच्या ताईंना तेथें बोलवावें. मूल उशिरां परतलें म्हणून त्याला उरलेल्या आठवड्यांकरितां अंगणवाडींत पाठविण्यास संकोच करूं नये. एक महिनाही उपयोगी पडतो.

नांव घालण्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जन्माचा दाखला सांपडत नाहीं म्हणून पुष्कळ आईबाप शाळेच्या पायरीवरूनच परततात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें वयाचा पुरावा नाहीं या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारतां येत नाहीं, आणि प्रवेशाची मुदत टळली तरी मुलाला घ्यावेंच लागतें. हें गुरुजींशीं भांडण्याकरितां सांगत नाहीं. ज्याला दोन शब्द बोलतां येतात अशा माणसानें अशा आईबापांबरोबर शाळेपर्यंत जावें, म्हणून सांगतों.

या दहा आठवड्यांनीं फडांत गेलेल्या पांच महिन्यांची भरपाई होईल, असें मी म्हणत नाहीं. आणि दिवाळीनंतर कोयता पुन्हां निघेल हेंही मला ठाऊक आहे. पहिलींत बसलेलें मूल तेव्हां पुन्हां फडांत नेलें तर केलेलें काम बरेंच वाहून जाईल. म्हणून मूल आजीपाशीं राहील कीं वसतिगृहांत, याचा विचार उचल घेण्यापूर्वींच करावा. ज्या घरांत आजी नाहीं त्या घराच्या शेजाऱ्यानें तो प्रश्न आपलाही समजावा. आणि जें धाकटें मूल बरोबर जाणारच, त्याला आईनें फडावरही गोष्टींवांचून ठेवूं नये. कोपींत दिवा नसला तरी गोष्ट चालते.

शाळा उघडण्यापूर्वीं दोन-तीन वेळां मुलाला तिकडे नुसतें फिरावयास न्यावें. दार, व्हरांडा, पाण्याची टांकी, लघवीची जागा, हें सर्व त्याला आपल्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें. चड्डीचें बटण आपलें आपण काढतां-लावतां येतें कीं नाहीं तें घरीं तपासावें. येत नसेल तर नाडीचीच चड्डी घालावी. गुरुजी किंवा बाई भेटल्या तर मुलानें त्यांना आपलें नांव सांगावें; आईनें मध्येंच सांगून टाकूं नये. 'शाळेंत गेलास कीं गुरुजी सरळ करतील' अशी धमकी उन्हाळाभर कोणी देऊं नये, मूल कितीही त्रास देवो.

आणि पहिल्या दिवशीं सकाळीं आई परत केव्हां येणार हें त्याला कळेल अशा शब्दांत सांगावें. त्याला घड्याळ समजत नाहीं. त्याला सांगावें कीं आधीं गुरुजी नांवें घेतील, मग तुम्ही खेळाल, मग खिचडी खाल, हात धुवाल, मग थोडा वेळ बसाल, आणि घंटा झाली कीं मी त्या लिंबाखालीं उभी असेन. त्या दिवशींचा रोजगार बुडला तरी चालेल. घंटा होण्यापूर्वीं आईनें त्या लिंबाखालीं असावें.